फक्त आठ आऊट बाकी होते! मरिनर्सच्या फॅन्सचा राग एका मॅचपुरता का नाही?

२० ऑक्टोबर २०२५. टोरंटोमधलं रॉजर्स सेंटर स्टेडियम. अमेरिकन लीगच्या फायनलची सातवी आणि शेवटची मॅच. जिंकेल तो बेसबॉलच्या सगळ्यात मोठ्या सिरीजमध्ये, म्हणजे वर्ल्ड सिरीजमध्ये जाणार, आणि हरेल तो घरी.

सातव्या इनिंगमध्ये सिॲटल मरिनर्स ३-१ ने पुढे होते. बेसबॉलमध्ये एका टीमच्या नऊ इनिंग्ज असतात आणि प्रत्येक इनिंगला तीन आऊट, म्हणजे एकूण २७. मरिनर्सनी त्यातले १९ आऊट घेतले होते. राहिले होते फक्त आठ. ते मिळाले असते तर १९७७ साली स्थापन झालेली ही टीम इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज खेळली असती.

पण टोरंटो ब्लू जेजच्या जॉर्ज स्प्रिंगरनं होमरन मारला. बेसवर दोघं उभे होते, त्यामुळे एका फटक्यात तीन रन झाले. स्कोअर झाला ४-३, आणि तोच शेवटपर्यंत राहिला.

त्या रात्रीपासून मरिनर्सचे फॅन्स एकच प्रश्न विचारतायत : 'मुन्योस कुठे होता?'

हा मुन्योस कोण, फॅन्सचा राग नेमका कुणावर आहे, आणि एका मॅचच्या पराभवानं माणसं एवढी का चिडतात, हे सगळं समजून घेऊ.

आधी थोडं बॅकग्राऊंड

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० टीम्स आहेत. त्यांच्या दोन लीग्ज, अमेरिकन आणि नॅशनल. प्रत्येक टीम रेग्युलर सीझनमध्ये तब्बल १६२ मॅच खेळते. त्यातून १२ टीम्स प्लेऑफमध्ये जातात. दोन्ही लीग्जचे विजेते वर्ल्ड सिरीजमध्ये एकमेकांसमोर येतात.

या ३० पैकी २९ टीम्सनी कधी ना कधी वर्ल्ड सिरीज खेळली आहे. न खेळलेली एकच टीम उरली आहे, सिॲटल मरिनर्स.

बरं, ही टीम कायमच वाईट होती असंही नाही. २००१ मध्ये मरिनर्सनी १६२ पैकी ११६ मॅच जिंकल्या होत्या. अमेरिकन लीगमध्ये एका सीझनला एवढे विजय दुसऱ्या कुठल्याच टीमला मिळालेले नाहीत. जपानहून आलेला इचिरो सुझुकी त्याच वर्षी पहिल्याच सीझनमध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि मग लीगच्या फायनलमध्ये न्यूयॉर्क यँकीजनी त्यांना ४-१ ने घरी पाठवलं.

त्यानंतर जे झालं ते जास्त वाईट होतं. २००२ पासून २०२१ पर्यंत मरिनर्स एकदाही प्लेऑफला पोचले नाहीत. सलग २० सीझन. २००१ ची ती टीम दहा वर्षांच्या ज्या पोरानं पाहिली, तो पुढची प्लेऑफ मॅच पाहीपर्यंत ३१ वर्षांचा झाला होता.

२०२२ मध्ये दुष्काळ संपला. पण ह्यूस्टन ॲस्ट्रोजविरुद्धच्या पहिल्याच मॅचमध्ये शेवटच्या इनिंगला ७-५ अशी आघाडी असताना मॅनेजरनं रॉबी रे या पिचरला आणलं. समोर होता योर्दान अल्वारेझ. त्यानं तीन रनचा होमरन मारला आणि मॅच ८-७ ने गेली. मरिनर्स ती सिरीज ३-० ने हरले. तिसरी मॅच तर १८ इनिंग्ज चालली आणि ती १-० ने गेली.

हा प्रसंग लक्षात ठेवा. नुकताच आणलेला पिचर, समोर दोन खेळाडू बेसवर आणि तीन रनचा होमरन. २०२५ मध्ये फॅन्सनी नेमकं हेच दुसऱ्यांदा पाहिलं.

२०२५ वेगळं का वाटत होतं?

कारण या वेळी सगळं जुळून आलं होतं.

टीमचा कॅचर कॅल रॅली यानं रेग्युलर सीझनमध्ये ६० होमरन मारले. बेसबॉलमधला कॅचर म्हणजे साधारण आपला विकेटकीपर. प्रत्येक चेंडूला गुडघ्यावर बसून पकडायचं आणि मग बॅटिंगही करायची. कॅचरनं एका सीझनमध्ये मारलेल्या होमरनचा आधीचा विक्रम ४८ चा होता. 'बिग डंपर' या टोपणनावानं ओळखल्या जाणाऱ्या रॅलीनं तो मागे टाकून थेट साठी गाठली.

जुलैमध्ये टीमनं जॉश नेलर आणि युजेनियो सुआरेझ हे दोन तगडे बॅटर आणले. २००१ नंतर पहिल्यांदाच मरिनर्सनी आपला डिव्हिजन जिंकला. प्लेऑफमध्ये डेट्रॉइट टायगर्सविरुद्धची निर्णायक मॅच १५ इनिंग्जपर्यंत लांबली आणि होर्हे पोलांकोच्या फटक्यावर त्यांनी ती ३-२ ने काढली.

लीग फायनलमध्ये पहिल्या दोन्ही मॅच त्यांनी टोरंटोत जाऊन जिंकल्या. पुढच्या दोन घरच्या मैदानावर घालवल्या. पाचव्या मॅचमध्ये आठव्या इनिंगला सुआरेझनं चार रनचा 'ग्रँड स्लॅम' मारला आणि सिॲटलचं स्टेडियम डोक्यावर घेतलं गेलं. मरिनर्स ३-२ ने पुढे होते आणि दोनपैकी एक मॅच जिंकायची होती.

सहावी मॅच ६-२ ने गेली. मग आली सातवी.

सातव्या इनिंगमध्ये नेमकं काय झालं?

सातव्या मॅचमध्येही सुरुवात मरिनर्सचीच होती. हुलिओ रॉड्रिगेझनं एक होमरन मारला, रॅलीनं दुसरा. ३-१. पाचव्या इनिंगपासून ब्रायन वू पिचिंग करत होता आणि दोन इनिंग्ज त्यानं व्यवस्थित सांभाळल्या.

सातव्या इनिंगला वूनं पहिल्या बॅटरला चार खराब चेंडू टाकून फुकट बेस दिला. पुढच्यानं सिंगल मारला. त्याच्या पुढच्यानं हलकेच बॅट लावून स्वतः आऊट होत दोघांना एकेक बेस पुढे ढकललं. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं, एक आऊट, आणि बॅटिंगला स्प्रिंगर. तीन दिवस आधी पाचव्या मॅचमध्ये याच वूचा चेंडू स्प्रिंगरच्या गुडघ्यावर बसला होता आणि त्याला मैदान सोडावं लागलं होतं.

मॅनेजर डॅन विल्सननं वूला काढलं. इथपर्यंत कुणाची फारशी तक्रार नाही. पण त्यानं आणलं एडवर्ड बझार्डोला.

आणि इथेच आंद्रेस मुन्योसचा विषय येतो. मुन्योस हा मरिनर्सचा 'क्लोजर', म्हणजे मॅच संपवायला राखून ठेवलेला सगळ्यात भरवशाचा पिचर. क्लोजर परंपरेनं शेवटच्या, नवव्या इनिंगला येतो. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर बुमराहच्या ओव्हर्स डेथसाठी राखून ठेवायच्या. पण मॅच सोळाव्या ओव्हरमध्येच हातातून निसटत असेल तर?

बझार्डोच्या दुसऱ्याच चेंडूवर स्प्रिंगरनं होमरन मारला.

नवव्या इनिंगला टोरंटोच्या जेफ हॉफमननं रॉड्रिगेझला आऊट केलं आणि मॅच संपली. त्याच्यानंतर बॅटिंगला येणार होता साठ होमरनवाला कॅल रॅली. तो बॅट घेऊन नंबरची वाट बघत उभाच राहिला. मॅचनंतर बोलताना त्यानं 'अपयश' हा शब्द नको वाटत असूनही वापरला.

मग चूक मॅनेजरची का?

विल्सनचं म्हणणं असं होतं की अशा अडचणीच्या वेळी बझार्डोनंच टीमला वर्षभर बाहेर काढलं होतं, त्यामुळे त्याच्यावर विश्वास टाकला.

हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. स्प्रिंगर उजव्या हातानं खेळतो आणि बझार्डो उजव्या हाताचा पिचर आहे. साधारणपणे अशी जोडी पिचरच्या फायद्याची मानली जाते. बझार्डोचा सिंकर हा खाली जाणारा चेंडू. तो जमिनीवरून मारला गेला असता तर कदाचित एका रनवर भागलं असतं.

पण फॅन्सचा मुद्दाही तितकाच वजनदार आहे. ही १६२ मधली एक मॅच नव्हती, याच्यानंतर एक तर वर्ल्ड सिरीज होती नाही तर सुट्टी. अशा वेळी 'नेहमी कोण येतं' यापेक्षा 'आत्ता सगळ्यात चांगला कोण आहे' हे बघायला हवं होतं. मॅचचा सगळ्यात अवघड क्षण नवव्या इनिंगची वाट बघत थांबत नाही.

इथे बेसबॉलचा इतिहास थोडा चाळला की गंमत कळते.

२००३ मध्ये बॉस्टन रेड सॉक्स नेमक्या याच टप्प्यावर, लीग फायनलच्या सातव्या मॅचमध्ये, यँकीजविरुद्ध आठव्या इनिंगला ५-२ ने पुढे होते. दमलेल्या पेद्रो मार्टिनेझला मॅनेजर ग्रेडी लिटलनं काढलं नाही. यँकीजनी बरोबरी साधली आणि अकराव्या इनिंगला मॅच जिंकली. लिटलची नोकरी गेली. त्याचा गुन्हा काय? पिचर बदलला नाही.

२०२० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये टँपा बे रेजचा ब्लेक स्नेल सहाव्या मॅचमध्ये जबरदस्त पिचिंग करत होता. मॅनेजर केविन कॅशनं आकडेवारीच्या हिशेबानं ७३ चेंडूंनंतर त्याला काढलं. डॉजर्सनी लगेच मॅच फिरवली आणि सिरीज जिंकली. कॅशचा गुन्हा काय? पिचर बदलला.

आणि २०२५ मध्ये विल्सनचा गुन्हा असा की पिचर बदलला, पण चुकीचा आणला.

यातून दिसतं ते असं की निकाल कळल्यानंतर प्रत्येक निर्णय एक तर हुशारीचा वाटतो नाही तर मूर्खपणाचा. मानसशास्त्रात याला 'आऊटकम बायस' म्हणतात. निर्णय घेताना हातात काय माहिती होती हे आपण विसरतो आणि फक्त शेवट बघून मार्क देतो. मुन्योस आला असता आणि त्याला होमरन बसला असता, तर 'क्लोजरला एवढ्या लवकर कशाला आणलं?' हाच प्रश्न गाजला असता.

म्हणजे विल्सन बरोबर होता का? तसंही नाही. मुन्योसला आणणं हा जास्त चांगला पर्याय होता, असं म्हणायला मजबूत कारण आहे, आणि ते निकालावर अवलंबून नाही. पण जास्त चांगला पर्याय म्हणजे खात्री नव्हे.

या सगळ्याला आणखी एक किनार आहे. ११६ मॅच जिंकून लीग फायनल हरलेल्या २००१ च्या मरिनर्समध्ये एक कॅचर होता. त्याचं नाव डॅन विल्सन.

चांगली टीम प्लेऑफमध्ये हरतेच कशी?

चिडलेल्या फॅन्सना सगळ्यात न पटणारी गोष्ट म्हणजे गणित.

समजा एखादी टीम प्रत्येक मॅचमध्ये समोरच्यापेक्षा सरस आहे आणि तिची जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आहे. बेसबॉलमध्ये हा बऱ्यापैकी मोठा फरक आहे. २०२५ च्या सीझनमध्ये मरिनर्सनी ९० मॅच जिंकल्या, म्हणजे सुमारे ५५ टक्केच.

आता अशा टीमनं सात मॅचची सिरीज खेळली तर ती जिंकण्याची शक्यता होते साधारण ६१ टक्के. पाच मॅचच्या सिरीजमध्ये ५९ टक्के. मरिनर्सना पहिल्या फेरीत बाय होता. म्हणजे चॅम्पियन व्हायला त्यांना एक पाच मॅचची आणि दोन सात मॅचच्या सिरीज जिंकाव्या लागल्या असत्या. तिन्ही जिंकण्याची शक्यता येते सुमारे २२ टक्के.

थोडक्यात, प्रत्येक सिरीजमध्ये समोरच्यापेक्षा सरस असलेली टीमसुद्धा पाचपैकी साधारण चार वेळा ट्रॉफीशिवाय घरी जाते.

१६२ मॅचमध्ये नशीब बऱ्यापैकी समसमान होतं. सात मॅचमध्ये ते होत नाही. १९ नोव्हेंबर २०२३ आठवा. सलग दहा मॅच जिंकलेली भारतीय टीम अहमदाबादमध्ये एक मॅच हरली आणि वर्ल्ड कप ऑस्ट्रेलियाला गेला. त्या दहा विजयांचं काय, हा प्रश्न तेव्हा आपल्याकडेही घराघरात विचारला गेला होता.

एवढा राग येतो कशामुळे?

याची तीन कारणं संशोधनातून समजून घेता येतात.

पहिलं, 'आपण' नावाची भानगड. १९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांमध्ये त्यांनी पाहिलं की कॉलेजची फुटबॉल टीम जिंकली की पुढच्या सोमवारी विद्यार्थी कॉलेजचं नाव असलेले कपडे जास्त घालतात. बोलताना जिंकल्यावर 'आपण जिंकलो' आणि हरल्यावर 'ते हरले' असं म्हणण्याकडे कल दिसला. पण हे झालं हौशी फॅनचं. जो खरा कट्टर आहे त्याला 'ते हरले' म्हणता येत नाही. तो हरल्यावरही 'आपण'च म्हणतो. म्हणून त्याला जास्त लागतं.

दुसरं, 'थोडक्यात हुकलं' ही भावना. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंचे चेहरे लोकांना दाखवून संशोधकांनी एक अभ्यास केला. तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ब्राँझ जिंकलेले खेळाडू सिल्व्हर जिंकलेल्यांपेक्षा जास्त खूश दिसले. कारण सिल्व्हरवाला गोल्डचा विचार करतो आणि ब्राँझवाला आपण चौथे आलो नाही याचा. मरिनर्स सिरीज ४-० ने हरले असते तर फॅन्स दोन दिवसांत सावरले असते. आठ आऊट बाकी असताना हरल्यामुळे 'जर मुन्योस आला असता तर' ही रीळ डोक्यात फिरतच राहते.

तिसरं, साचलेला हिशेब. १९९५, २०००, २००१ आणि २०२५. मरिनर्स चार वेळा लीग फायनलला पोचले आणि चारही वेळा हरले. त्यामुळे ऑक्टोबर २०२५ चा राग हा एका मॅचचा राग नाही. त्यात वीस वर्षांचा दुष्काळ आहे, २०२२ चा अल्वारेझ आहे आणि एक साधी भीतीही आहे. बेसबॉल हा बहुतेक घरांमध्ये आईवडिलांकडून मुलांकडे येणारा खेळ आहे. मरिनर्स सुरू झाले त्या वर्षी जन्मलेला फॅन २०२५ मध्ये ४८ वर्षांचा झाला. ज्या वडिलांनी त्याला पहिल्यांदा स्टेडियममध्ये नेलं, ते आता सत्तरी-पंचाहत्तरीत असतील. 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणणं सोपं नाही.

सिॲटल परिसरात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनमुळे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही बरीच आहेत. क्रिकेटवर वाढलेले आईवडील आणि तिथेच जन्मलेली बेसबॉलवेडी मुलं, अशा घरात त्या रात्री समजूत घालायला २०२३ ची फायनल नक्कीच कामी आली असती.

राग कुठे थांबायला हवा?

मॅनेजरच्या निर्णयावर टीका करणं हा फॅनचा हक्क आहे. तो तिकिटाचे पैसे देतो, वेळ देतो. पण अडचण सुरू होते ती टीका माणसावर घसरली की.

मे २०२५ मध्ये ह्यूस्टनचा पिचर लान्स मॅकलर्स ज्युनियर एका मॅचमध्ये वाईट खेळला. त्यानंतर त्याला आणि त्याच्या लहान मुलींना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांनी तपास केला तेव्हा धमकी देणारा परदेशातला, दारूच्या नशेत असलेला आणि बेटिंगमध्ये पैसे हरलेला माणूस निघाला. म्हणजे तो फॅनसुद्धा नव्हता.

२००३ मध्ये शिकागो कब्जच्या एका फॅननं स्टँडमध्ये येणारा चेंडू पकडायचा प्रयत्न केला आणि संभाव्य कॅच हुकला. टीमनं त्यानंतर बऱ्याच चुका केल्या, पण खापर फुटलं त्या एका माणसावर. त्याला वर्षानुवर्षं लोकांपासून लांब राहावं लागलं. २०१६ मध्ये कब्ज अखेर चॅम्पियन झाले, तेव्हा टीमनं त्याला चॅम्पियनशिपची अंगठी दिली. पण मधली तेरा वर्षं कुणी परत देऊ शकलं नाही.

याच्या उलट उदाहरणही २०२५ च्याच प्लेऑफमध्ये दिसलं. फिलाडेल्फियाचा तरुण पिचर ओरायन कर्करिंग यानं गडबडीत चेंडू चुकीच्या दिशेनं फेकला आणि टीमचा सीझन तिथेच संपला. तो मैदानातच कोलमडला, तेव्हा सहकारी निक कास्तेयानोस धावत त्याच्याकडे गेला. कर्करिंग नंतर पत्रकारांसमोर आला आणि चूक मान्य केली.

आणि टोरंटोचं काय झालं?

स्प्रिंगरच्या होमरननंतर बरोबर बारा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, त्याच स्टेडियममध्ये वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच झाली. समोर होते लॉस एंजेलिस डॉजर्स. टोरंटो १९९३ नंतर पहिल्यांदा चॅम्पियन होण्याच्या उंबरठ्यावर होतं. नवव्या इनिंगला ४-३ ने पुढे, आणि बाकी होते फक्त दोन आऊट.

मिगेल रोहासनं होमरन मारला आणि ४-४ झाले. अकराव्या इनिंगला विल स्मिथनं आणखी एक मारला आणि डॉजर्स ५-४ ने जिंकले.

मरिनर्सचे आठ आऊट राहिले होते, ब्लू जेजचे दोन. ज्यांनी सिॲटलला रडवलं त्यांच्यावर दोन आठवड्यांच्या आत तीच वेळ आली.

सिॲटलच्या फॅन्सना यातून काही दिलासा मिळाला का? थोडा मिळाला असेलही. पण त्यांच्यासाठी जास्त महत्त्वाची बातमी वेगळी होती. सीझन संपल्यावर सगळ्यात आधी जॉश नेलरनं पाच वर्षांचा नवा करार केला आणि तो सिॲटलमध्येच राहिला. रॅली आणि रॉड्रिगेझ दीर्घ कराराने आधीच बांधलेले आहेत. बॉस्टननं २००३ च्या त्या पराभवानंतर पुढच्याच वर्षी ८६ वर्षांचा दुष्काळ संपवला होता. कब्जना १०८ वर्षं लागली. मरिनर्स यातल्या कुठल्या रांगेत बसतील हे आत्ता कुणीच सांगू शकत नाही.

तोपर्यंत सिॲटलमध्ये कुणी मरिनर्सची टोपी घातलेला भेटला, तर त्याच्यासमोर सातव्या इनिंगचा विषय काढू नका. आणि काढलाच, तर किमान अर्धा तास हाताशी ठेवा.